झिर्कोनिया इम्प्लांटवर लेझरने खाचा: कुठला लेझर हे ठरवण्याआधी खोली आणि दिशा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे मार्किंगसाठी घेतलेला २० वॅटचा, १०६४ नॅनोमीटरचा, नॅनोसेकंद पल्सचा फायबर लेझर आहे. त्याने तुम्ही ३ वाय-टीझेडपी (३ मोल टक्के यिट्रियाने स्थिर केलेल्या) झिर्कोनियाच्या सिंटर झालेल्या, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट झालेल्या चकत्यांवर साधारण ३० मायक्रॉन रुंद आणि जवळपास तेवढ्याच खोल समांतर खाचा पाडल्या. सूक्ष्मदर्शकात वरून बघितलं तर रेषा सुबक दिसतात. पण काठ काळपट पडलेत, तळाशी केसासारख्या भेगा आहेत आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी केलेल्या स्फटिकरचनेच्या तपासणीत) मोनोक्लिनिकची, म्हणजे नेहमीच्या टेट्रागोनलऐवजी दुसऱ्या स्फटिकरूपाची, शिखरं वर आली आहेत. पुढे हाच नमुना दातांच्या इम्प्लांटवर उतरवायचा आहे. म्हणून तुम्ही विचारताय: फेम्टोसेकंद लेझर (ज्याचा पल्स नॅनोसेकंदाच्या दशलक्षांशांत मोजतात) घेतला तर हे सगळं मिटेल का, आणि खाच किती खोल असावी?

माझं काम सिरॅमिकवरच्या लेझर प्रक्रियेचं आहे, मी दंतवैद्य नाही. त्यामुळे पदार्थ, भेगा आणि उष्णता यांबद्दल मी हात राखून बोलणार नाही. हाड आणि हिरडी यांबद्दल मात्र सगळ्यांना मान्य असलेलं तेवढंच सांगेन.

तुमच्या दोन प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो. लेझर कोणता हे नंतर बघू. आधी सांगा, ३० मायक्रॉन खोली आली कुठून? हा प्रश्न मी बहुतेक सगळ्यांना विचारतो आणि उत्तर ठरलेलं असतं: कुठल्याशा शोधनिबंधात तेवढी होती, किंवा यंत्राने सहज तेवढी पडली. टायटॅनियमवर हे खपून जातं, कारण तो धातू आहे, ताण एकवटला तर जरासा वाकून घेतो. झिर्कोनिया वाकत नाही. तिथे प्रत्येक खाच हा तुम्ही मुद्दाम घातलेला दोष असतो, आणि तो परवडणारा आहे का हे आधी कागदावर बघावं लागतं.

हिशोब सोपा आहे. ३ वाय-टीझेडपीचा भेग-चिवटपणा (भेग पुढे सरकू न देण्याची क्षमता) साधारण ५ एमपीए-रूट-मीटर धरा (एमपीए म्हणजे मेगापास्कल) आणि नीट पॉलिश केलेल्या तुकड्याची वाकण्यातली ताकद १००० एमपीए. पृष्ठभागावर एक लांबलचक सरळ भेग असेल, तर ६ मायक्रॉनच्या आसपास खोलीलाच ती ताकदीवर हुकूम गाजवायला लागते. तीच भेग अर्धगोल, खळग्यासारखी असेल, तर ही मर्यादा १५ मायक्रॉनच्या आसपास जाते. आता तुमची ३० मायक्रॉनची खाच लांब भेग म्हणून घाला: ताकद ४६० एमपीएच्या जवळ येते, म्हणजे निम्म्याहून कमी. उलट ३ मायक्रॉनची खाच घातली तर आकडा १४०० च्या वर जातो. म्हणजे तुकडा मोडलाच तर त्या खाचेतून मोडणार नाही, पदार्थातल्या मूळच्या दोषातून मोडेल.

यावर कुणी म्हणेल की खाच म्हणजे भेग नव्हे, तिचा तळ गोलसर असतो. बरोबर आहे, तळ खरोखर गोल आणि भेगविरहित असेल तर वरचा आकडा जास्तच कडक आहे. पण तुमच्या तळाला भेगा आहेत हे तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी खाचेची खोली अधिक भेगेची खोली ही एकच लांबी धरायची. शिवाय झिर्कोनियाचा चिवटपणा भेग पुढे सरकत जाते तसा वाढतो. अगदी छोट्या भेगेला पूर्ण ५ चा आधार मिळत नाही, म्हणजे हिशोब वाईट बाजूलाही झुकू शकतो. आणि तोंड हे ओलं ठिकाण. पाण्यात झिर्कोनियातली भेग साधारण ३ ते ३.५ एमपीए-रूट-मीटरपासूनच हळूहळू पुढे सरकायला लागते. चावण्याचे लाखो घाव सोसायचे असतील तर एका घावातल्या ताकदीच्या साठ-सत्तर टक्क्यांवरच भिस्त ठेवता येते.

खोलीइतकीच महत्त्वाची दिशा, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. इम्प्लांटवर तिरका भार येतो तेव्हा तो वाकतो. एका बाजूला अक्षाच्या दिशेने ताण, समोरच्या बाजूला दाब. सर्वात जास्त ताण हाडाच्या वरच्या कडेजवळ, म्हणजे मानेपाशी आणि पहिल्या आट्यापाशी. इथे गोल फिरणारी, परिघावरची खाच पाडली की ती ताणाला बरोबर काटकोनात येते. काच कापणारा हिऱ्याने रेघ ओढतो आणि त्या रेघेवर काच मोडतो, तसाच प्रकार. अक्षाला समांतर, वरून खाली जाणारी खाच ताणाच्या दिशेतच पडते, त्यामुळे तिचा उपद्रव खूप कमी.

पंचाईत अशी की हिरडीच्या बाजूने विचार केला तर परिघावरचीच खाच हवीशी वाटते. वरून खाली उतरू पाहणाऱ्या एपिथेलियमच्या (हिरडीच्या अस्तराच्या) पेशींना आडवी खाच अडवते, उभी खाच उलट वाट करून देते. म्हणजे जिथे आडवी खाच हवी तिथेच ताण सर्वात जास्त. यातून सुटकेचा मार्ग खोलीत आहे, लेझरच्या जातीत नाही. मानेवर आडव्या खाचा हव्याच असतील तर त्या उथळ ठेवा. खोल खाचा हव्या असतील तर त्या हाडात खोलवर गेलेल्या भागात, आट्यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि शक्यतो उभ्या.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एकमेकींच्या जवळ असलेल्या समांतर खाचा एकमेकींचा ताण वाटून घेतात. एकटी खाच जास्त धोक्याची, खाचांची रांग कमी. पण रांगेतल्या पहिल्या आणि शेवटच्या खाचेला एकाच बाजूला शेजारीण असते, म्हणून तिच्यावर ताण जास्त येतो. माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या तुकड्यांत भेग नमुन्याच्या कडेला सुरू झालेली वारंवार दिसते. उपाय फुकटचा आहे: कडेच्या चार-पाच खाचांची खोली क्रमाने उतरती ठेवा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये फेऱ्या कमी करत नेल्या की झालं.

मग जीवशास्त्राला खोली लागते तरी किती? पेशी खाचेच्या दिशेने पसरतात हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे, आणि त्यासाठी एक मायक्रॉनहून उथळ खाचाही पुरतात. खोली वाढली की पेशी जास्त शिस्तीत लागतात, रुंदी फार वाढली की शिस्त बिघडते. टायटॅनियमच्या लेझर-लॉक या प्रचलित पृष्ठभागावर कॉलरच्या, म्हणजे मानेच्या पट्ट्यावरच्या, खाचा ८ आणि १२ मायक्रॉन मापाच्या आहेत. हाडाच्या भागासाठी एसए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) साधारण १ ते २ मायक्रॉन, म्हणजे ज्याला मध्यम खडबडीत म्हणतात, तो पट्टा बऱ्याच काळापासून समाधानकारक मानला जातो. तुमच्या ३० मायक्रॉनने या कुठल्याही कामात भर पडेल असं मला दिसत नाही. हिरडीच्या वर, तोंडात उघड्या राहणाऱ्या भागावर तर नमुना नकोच. तिथे आरए (तोच खडबडीतपणा, एका रेषेवर मोजलेला) ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की प्लाक जास्त धरायला लागतो. जीवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात, १० मायक्रॉनची खाच म्हणजे त्यांना आयती खोली. हिरडी पुढे मागे सरकली आणि कॉलरच्या खाचा उघड्या पडल्या तर काय, हा प्रश्न तुमच्या दंतवैद्य सहकाऱ्याला जरूर विचारा. त्याचं उत्तर रुग्ण आणि जागा यांवर अवलंबून आहे, मी ते देऊ शकत नाही.

इथवरचं एका ओळीत: मानेजवळ १ ते ३ मायक्रॉन, त्याखाली हाडात फार तर ५ ते १०, आणि तेही तळाला भेग नसेल तरच. हा माझा अंदाजपट्टा आहे. इम्प्लांटचा व्यास, एकखंडी की दोन तुकड्यांचा आणि कुठल्या दाताच्या जागी, यावर तो हलेल.

आता लेझरकडे येऊ. तुमच्या यंत्राने भेगा का पाडल्या?

झिर्कोनियाच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे प्रकाश शोषायला फोटॉनमध्ये लागणारी किमान ऊर्जा, ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर आहे. १०६४ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये फक्त १.१७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. म्हणजे शुद्ध पदार्थाला हा प्रकाश शोषताच येत नाही. तो आत शिरतो, कणांच्या सीमांवर विखुरतो आणि कुठेतरी दोष, मळ किंवा ओरखडा सापडला की तिथे शोषला जातो. तुम्ही बारकाईने पाहिलं असेल तर पहिल्या फेरीत रेषा आज्ञेच्या जागी सुरू होत नाही, थोडी पुढे जाऊन अचानक पेट घेते. एकदा तो ठिपका तापला की ऑक्सिजन निसटतो, पदार्थ काळा पडतो, काळा भाग प्रकाश भरभरून शोषतो आणि मग सगळी ऊर्जा तिथेच उतरते. तुमचे काळे काठ म्हणजे काजळी नव्हे, ते ऑक्सिजन गमावलेलं झिर्कोनिया आहे. काही जण सुरुवात सोपी व्हावी म्हणून वरून ग्रॅफाइट फासतात. इम्प्लांटच्या कामात मी ते टाळतो, तो कार्बन नंतर कुठे कुठे गेला याचा हिशोब देता येत नाही.

यापुढे भेगा जवळपास अटळच. झिर्कोनिया २७०० सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्याची उष्णतावाहकता २ ते ३ वॅट प्रति मीटर-केल्विन इतकी कमी आणि प्रसरणाचा गुणांक साधारण १०.५ × १०⁻⁶. लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या घरात. वितळून पुन्हा गोठलेला थर थंड होताना आकसू पाहतो, खालचा थंड भाग त्याला आकसू देत नाही. दर अंशामागे किमान २ एमपीए ताण साचतो, ५०० अंशांत १००० एमपीए. थंड व्हायचे अंश दोन हजारांवर आहेत. तडकण्यावाचून त्या थराला पर्याय राहत नाही. सीओटू लेझरचा, १०.६ मायक्रॉनचा प्रकाश झिर्कोनिया उत्तम शोषतं म्हणून तो सुचवणारे भेटतील. तो आणखी मोठा थर वितळवतो, तुमच्या कामाचा नाही.

या भेगांची दिशा बघा. अरुंद पट्टी आकसते तेव्हा सर्वात जास्त ताण पट्टीच्या लांबीच्या दिशेने असतो, म्हणून भेगा खाचेला आडव्या पडतात, ठरावीक अंतराने. आता वर काय म्हटलं ते आठवा: उभी खाच सुरक्षित. नॅनोसेकंद लेझरने पाडलेल्या उभ्या खाचेत मात्र आडव्या भेगांची माळ असते, आणि त्या माळेतली प्रत्येक भेग अक्षीय ताणाला काटकोनात असते. दिशेचा सगळा फायदा तिथे वाया जातो. भेगाळ थर तसाच ठेवून दिशा बदलण्यात अर्थ नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

फेम्टोसेकंदने काय बदलतं? पल्स काहीशे फेम्टोसेकंदांचा असला की क्षणिक तीव्रता इतकी प्रचंड होते की अनेक फोटॉन एकदम शोषले जातात, दोष शोधत बसावं लागत नाही. रेषा आज्ञेच्या जागी सुरू होते. इलेक्ट्रॉनांकडून जाळीकडे उष्णता जायला काही पिकोसेकंद लागतात, तोवर पल्स संपलेला असतो आणि तापलेला भाग उडून जातो. मागे उरणारा वितळलेला थर नगण्य. झिर्कोनियाची उष्णता-विसरणक्षमता साधारण १० ⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद धरली तर १०० नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये उष्णता अर्ध्या मायक्रॉनहून थोडी जास्त पसरते, एका पिकोसेकंदात जेमतेम २ नॅनोमीटर.

पण हे सगळं एका पल्सचं. फेम्टोसेकंद लेझर घेऊनही भेगा आल्या अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची पहिली चौकशी मी पल्सच्या वारंवारतेची करतो. २० मायक्रॉनचा स्पॉट असेल तर त्यातली उष्णता निघून जायला २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे ४० किलोहर्ट्झच्या वर गेलात आणि स्पॉट जागेवरच राहिला, तर पुढचा पल्स आधीच तापलेल्या जागी पडतो. ५०० किलोहर्ट्झला आणि हळू वेगाला फेम्टोसेकंद लेझर चक्क वेल्डिंगच्या जवळ जातो. यंत्र विकणारा वेग आणि उत्पादकता दाखवतो ती याच वारंवारतांवर.

म्हणून मी असं करतो: स्पॉट जलद पळवायचा आणि फेऱ्या वाढवायच्या. २० मायक्रॉनचा स्पॉट, १०० किलोहर्ट्झ, सेकंदाला १ मीटर वेग, म्हणजे एका जागी दोनच पल्स पडतात. तोच वेग सेकंदाला १०० मिलिमीटर केला की वीस पडतात. पहिल्या पद्धतीने दहा फेऱ्या मारल्या तर एकूण पल्स तेवढेच, पण दोन फेऱ्यांमध्ये जागा गार होते. दाट नमुना असेल तर आधी एक सोडून एक रेषा मारून मग मधल्या भरायच्या. पल्सची ऊर्जा १० मायक्रोजूल असेल तर या स्पॉटच्या मध्यभागी फ्लुएन्स (दर क्षेत्रफळामागे पडणारी ऊर्जा) ६.४ जूल प्रति चौरस सेंटीमीटर होतो. उंबरठा, म्हणजे ज्या फ्लुएन्सला पदार्थ उडायला लागतो तो, तुमच्याच पदार्थावर, तुमच्याच यंत्राने मोजा: वेगवेगळ्या ऊर्जेचे एकेक खळगे पाडायचे, व्यासाचा वर्ग ऊर्जेच्या लॉगॅरिदमसमोर मांडायचा, सरळ रेष मिळते. तिच्या उतारावरून स्पॉटचा खरा आकार मिळतो आणि छेदावरून उंबरठा. ही पद्धत १९८२ पासून वापरात आहे आणि अर्ध्या दिवसात होते. पल्सची संख्या वाढली की उंबरठा घसरतो, तेव्हा तो एका पल्ससाठी आणि तुम्ही वापरणार तेवढ्या पल्ससाठी वेगवेगळा मोजायचा. उंबरठ्याच्या थोडंच वर काम करा. फार वर गेलात की तळ खडबडीत होतो आणि उष्णता पुन्हा डोकं वर काढते.

तुम्हाला १ ते ३ मायक्रॉनच हवे असतील तर फेम्टोसेकंदच हवा असंही नाही. १० पिकोसेकंदांचा हिरवा किंवा अतिनील लेझर हे काम बहुधा नीट करतो आणि असे लेझर भाड्याने करून देणारे जास्त सापडतात.

तुमचा आहे तोच लेझर वापरायचा असेल तर आणखी एक वाट आहे, आणि बजेट नसलेल्यांना मी तीच आधी सुचवतो. पूर्ण सिंटर झालेल्या तुकड्याऐवजी अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या अवस्थेतल्या तुकड्यावर खाचा पाडा आणि मग १४५० ते १५५० अंशांना पूर्ण सिंटर करा. लहानसहान भेगा मिटतात, काळेपणा जातो, कण आणि फेज (स्फटिकरूपं) नेहमीच्या होतात. आकुंचन लांबीत साधारण २० टक्के येतं, तेव्हा शेवटी १२ मायक्रॉन रुंद खाच हवी असेल तर १५ ची पाडायची. अचूक गुणक त्या ब्लॉकच्या पाकिटावर छापलेला असतो.

पथ्यं दोन. शक्ती अगदी कमी ठेवा, कारण खडूवरही पृष्ठभाग वितळवलात तर ती घट्ट पापडी भट्टीत बाकीच्यांसोबत आकसत नाही आणि तिथेच फाटते. दुसरं, उडालेली भुकटी खाचेतच बसते. भट्टीत जाण्याआधी ती मऊ कुंचल्याने आणि हलक्या हवेने काढली नाही तर तिथेच गोळ्या होऊन चिकटते, मग कुठल्याही अल्ट्रासॉनिकने निघत नाही. ही वाट बंद कधी होते? इम्प्लांट हिप केलेल्या (तापवून चहूबाजूंनी वायूच्या दाबाने घट्ट केलेल्या) दांड्यातून घासून बनवला जात असेल तर. तिथे खडूची अवस्था तुमच्या हाती येतच नाही.

मोनोक्लिनिकबद्दल तुमची काळजी रास्त आहे, पण ते शिखर वाचताना घाई नको. टेट्रागोनलमधून मोनोक्लिनिकमध्ये जाताना आकारमान ४ ते ५ टक्के वाढतं. भेगेच्या टोकाशी हे झालं की भेग दाबली जाते, झिर्कोनियाचा चिवटपणा त्यातूनच येतो. वाळूचा मारा किंवा ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागावरही मोनोक्लिनिक असतं आणि तिथला दाब थोडीफार मदतच करतो. तुमच्याकडचं मोनोक्लिनिक ताणातून आलंय, की भेगांच्या काठांनी, की ऑटोक्लेव्हच्या वाफेने, हे एक्सआरडी सांगत नाही. शिवाय एक्सआरडीतल्या तांब्याच्या क्ष-किरणांना वरच्या काही मायक्रॉनांचंच दिसतं, आणि खाचा असलेल्या पृष्ठभागावर ते कडे आणि तळ यांची सरासरी देतं. रामन (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून स्फटिकरूप ओळखण्याची पद्धत) चा ठिपका एक-दोन मायक्रॉनचा असतो, तो थेट तळाशी लावा. १७८ आणि १८९ प्रति सेंटीमीटर अशी शिखरांची जोडी दिसली तर मोनोक्लिनिक, १४७ आणि २६५ टेट्रागोनल. तळ, भिंत, कडा आणि न छेडलेला भाग असे चार ठिकाणचे आलेख एकाखाली एक ठेवले की पुष्कळ उलगडतं.

खरा प्रश्न लेझरनंतर किती मोनोक्लिनिक आहे हा नाहीच. पाण्याच्या सहवासात ते पुढे किती वेगाने वाढतं, हा आहे. यालाच झिर्कोनियाचं कमी तापमानातलं वृद्धत्व म्हणतात. आयएसओ १३३५६ मध्ये यासाठी १३४ अंश, २ बार वाफ, ५ तास अशी कसोटी आहे आणि त्यानंतर मोनोक्लिनिक २५ टक्क्यांहून जास्त नको. १३४ अंशांचा एक तास शरीरातल्या तीन-चार वर्षांइतका धरतात, पण तो उच्च तापमानावरून खाली ओढलेला अंदाज आहे, पंचांग नव्हे. नमुना नसलेला तुकडा या कसोटीत उत्तीर्ण झाला म्हणून तुमचा लेझर केलेला होईलच असं धरू नका. २००१ मध्ये खुब्याच्या सांध्यातल्या झिर्कोनियाच्या गोळ्या शेकड्यांनी फुटल्या. पदार्थ तोच होता, सिंटरिंगच्या भट्टीचा प्रकार बदलला होता. प्रक्रियेतला फरक वृद्धत्वात कसा बाहेर पडतो याचं याहून महागडं उदाहरण या क्षेत्रात नाही.

लेझरनंतर हवेत १००० अंशांच्या आसपास तासभर तापवलं तर काळेपणा जातो आणि बरंचसं मोनोक्लिनिक परत टेट्रागोनल होतं. आलेख देखणा होतो. पण भेगा भरत नाहीत, आणि भेगांना दाबून धरणारा ताणही निघून जातो. म्हणजे दिसायला सुधारलेला तुकडा ताकदीत उतरलेला असू शकतो. तापवणं हा उपचार म्हणून वापरायचा असेल तर त्याची ताकद वेगळी मोजा.

ताकद मोजतानाची एक चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ठळक करून सांगतो. आयएसओ ६८७२ च्या तीन गोळ्या आणि वरून पिस्टन या चाचणीत चकतीची खालची बाजू ताणात असते. नमुन्याची बाजू खाली ठेवायची. वर ठेवली तर खाचा दाबात जातात, ताकद उत्तम येते आणि लेझरने काही बिघडलं नाही असा निष्कर्ष छापून येतो. वायबुल (ताकदीतल्या विखुरण्याचं सांख्यिकी माप) काढायचं असेल तर प्रत्येक गटात किमान ३० चकत्या. गट असे: पॉलिश केलेल्या, लेझर केलेल्या, लेझर आणि तापवलेल्या, आणि या तिन्हींचे वाफेत ठेवलेले जोडीदार. मोडलेल्या प्रत्येक तुकड्याचा उगमबिंदू बघा. भेग खाचेच्या तळातून निघाली असेल तर खोली कमी करा, दुसऱ्याच दोषातून निघाली असेल तर खाच निर्दोष. सरासरी ताकदीच्या आकड्यापेक्षा मला ही माहिती जास्त मोलाची वाटते.

आणि वरून काढलेल्या फोटोवर विसंबू नका. एक तुकडा खाचेला आडवा मोडा किंवा कापून पॉलिश करा आणि छेद बघा. वितळलेल्या थराची जाडी, तळाचा कोन, पृष्ठभागाखाली समांतर धावणाऱ्या भेगा, हे फक्त तिथेच दिसतं.

चकतीवरून प्रत्यक्ष इम्प्लांटवर जाताना फोकस आडवा येतो. १० मायक्रॉन त्रिज्येच्या स्पॉटला वर-खाली ३०० मायक्रॉनची मोकळीक असते, ५ मायक्रॉन त्रिज्येला ७५ च्या आसपासच. आट्याची उंची त्याहून जास्त भरते, आणि आट्याच्या तिरप्या भिंतीवर तोच पल्स पसरून पडतो, म्हणून फ्लुएन्स घसरतो. चकतीवर ठरवलेली सेटिंग भिंतीवर अर्धवटच खोदते. त्यावर ऊर्जा वाढवू नका, नाहीतर आट्याच्या टोकावर अति होईल. तुकडा फिरवून, तिरपा करून प्रकाश शक्य तितका काटकोनात आणा, आणि जिथे जमत नाही तिथे नमुना सोडून द्या.

भिजण्याबद्दल दोनच वाक्यं. लेझर केल्यावर पृष्ठभाग पाणी झटकन पसरवतो आणि हवेतले कार्बनी रेणू बसत गेले की काही आठवड्यांत उलटा वागायला लागतो, म्हणून संपर्ककोन आणि पेशींचे प्रयोग एकाच वयाच्या, एकाच पद्धतीने निर्जंतुक केलेल्या तुकड्यांवर करा. गॅमा किरणांनी झिर्कोनियाचा रंग तपकिरी होतो, तेव्हा तो काळेपणा लेझरच्या माथी मारू नका.

तुमच्या जागी मी असतो तर फेम्टोसेकंद यंत्राचं कोटेशन सध्या बाजूला ठेवलं असतं. आधी हाताशी असलेल्या लेझरने खडूच्या अवस्थेतल्या चकत्यांवर शेवटी ३ मायक्रॉन येतील अशा उथळ खाचा पाडल्या असत्या आणि छेद पाहिला असता. समांतर म्हणून थोड्या सिंटर झालेल्या चकत्या बाहेरच्या पिकोसेकंद किंवा फेम्टोसेकंद यंत्रावर पाठवल्या असत्या, तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर, बाकी सगळं तेच ठेवून. पाठवताना पल्सची ऊर्जा, स्पॉटचा मोजलेला आकार, वेग आणि फेऱ्या लेखी मागून घ्या. फक्त वॅटचा आकडा घेऊन परत आलेल्या चकत्या पुन्हा कुणालाही तशाच बनवता येत नाहीत. दोन्ही गट वाफेच्या कसोटीतून आणि नमुना खाली ठेवून मोडण्यातून गेले, की इम्प्लांटच्या आकारावर आयएसओ १४८०१ ची थकव्याची चाचणी करायची: ३० अंशांचा तिरका भार, ३ मिलिमीटर हाड खचलंय असं धरून केलेली पकड, ५० लाख आवर्तनं. पकडीची कड आणि तुमच्या नमुन्याची वरची कड नेमक्या कुठे येतात हे नमुना आखतानाच बघून ठेवा. दोन्ही एकाच उंचीवर आल्या, तर सर्वात जास्त ताण आणि रांगेतली सर्वात वाईट खाच तुम्ही स्वतःच एका जागी आणून ठेवली असेल.